कारवानी आणि पश्मी कुत्रे पाळणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारवानी, मुधोळ आणि पश्मी या तीन वेगळ्या जाती आहेत का?

नाही. दख्खनच्या पठारावर, म्हणजे लातूर, सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग आणि लागून असलेलं उत्तर कर्नाटक या पट्ट्यात जो उंच, सडपातळ, लांबट तोंडाचा पळणारा कुत्रा गावोगावी दिसतो, त्याचीच ही नावं आहेत. आखूड केसांचा तो कारवानी. कान, शेपूट आणि पायांच्या मागच्या बाजूला रेशमी झालर असते तो पश्मी. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानाचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कुत्र्यांची पैदास मनावर घेतली आणि पाचव्या जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली असं सांगितलं जातं. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रुळलं. आज केनेल क्लब ऑफ इंडिया हा कुत्रा ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून नोंदवतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. त्यामुळे एकाच मापाच्या दोन कुत्र्यांच्या कागदांवर वेगवेगळी नावं दिसली तर गोंधळू नका. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय जातींची तिकिटं काढली, त्यातही हा मुधोळ नावानेच आहे.

माझ्यासाठी हा कुत्रा योग्य आहे, की लॅब्रॅडॉर बरा?

घरात पाहुण्यांचा राबता आहे, लहान मुलं दिवसभर अंगावर लोळणार आहेत आणि कुत्र्याने प्रत्येकाशी दोस्ती करावी अशी अपेक्षा आहे, तर लॅब्रॅडॉर घ्या किंवा गावठी पिल्लू दत्तक घ्या. गावठी कुत्रा आपल्या हवेला सरावलेला आणि चलाख असतो आणि त्याला पैसेही पडत नाहीत. आपल्या आवडत्या जातींच्या यादीत त्याला खालची जागा देणं आम्हाला मान्य नाही.

कारवानी एका घराचा, बऱ्याचदा एक-दोन माणसांचाच कुत्रा होतो. परक्याने डोक्यावरून हात फिरवलेला त्याला खपत नाही. तो भुंकतो कमी, बघतो जास्त. त्याला रोज पळायला मोकळी आणि बंदिस्त जागा लागते. एवढं देता येत असेल तर घरात इतका शांत, स्वच्छ आणि निष्ठेने वागणारा दुसरा कुत्रा मिळणं कठीण.

आमचा कारवानी जवळच येत नाही, शेपूटही फारशी हलवत नाही. त्याला माया नाही का?

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो, आणि तो बहुधा आधी लॅब्रॅडॉर किंवा पॉमेरेनियन पाळलेल्या घरांतून येतो. माया असते, फक्त दाखवण्याची रीत वेगळी. पुढच्या गोष्टी पाहा:

तो तुमच्या मांडीला किंवा पायाला अंग टेकवून उभा राहतो का? अंगाचा सगळा भार तुमच्यावर टाकणं ही या कुत्र्यांची मिठी आहे. तुमच्या हाताखाली नाक घालून हात वर ढकलतो का? तुम्ही खोली बदलली की दोन मिनिटांनी उठून तिथे येऊन, थोड्या अंतरावर, पण तुम्ही दिसाल असा बसतो का? तुमच्या पांघरुणात पाठ लावून झोपतो का? तुम्ही घरी आल्यावर उड्या न मारता पाठीची कमान करून, कान मागे घेऊन अंग ताणतो का? यातलं काहीही होत असेल तर तो तुमचा झाला आहे.

लाड करताना समोरून वाकून डोक्यावर हात नेऊ नका. बाजूला बसा, हात खाली ठेवा, तो जवळ आला की छाती, मानेचा खालचा भाग आणि कानामागे हळू खाजवा. तीन-चार सेकंदांनी थांबा. त्याने नाकाने पुन्हा ढकललं तर पुढे चालू ठेवा, तोंड फिरवलं किंवा ओठ चाटले तर तेवढ्यावर सोडा. मोठ्याने ओरडून शिस्त लावायला जाल तर हा कुत्रा मिटून जातो; मार खाल्लेला कारवानी महिनोन् महिने हात पाहून दचकतो. पिल्लू ८ ते १४ आठवड्यांचं असताना वेगवेगळी माणसं, टोपीवाले, रेनकोटवाले, मिक्सरचा आवाज, रिक्षा, लिफ्ट हे सगळं खाऊ देत देत दाखवलं, तर मोठेपणीचा बुजरेपणा बराच कमी होतो. हे दिवस हातचे घालवू नयेत.

लोक म्हणतात कुत्रा उपाशी ठेवलाय. फासळ्या दिसणं ठीक आहे का?

शेवटच्या दोन-तीन फासळ्या पुसट दिसणं, कमरेच्या हाडांची टोकं जाणवणं आणि पोट वर ओढलेलं असणं ही या जातीची ठेवणच आहे. मात्र सगळ्या फासळ्या लांबून मोजता येत असतील, पाठीचा प्रत्येक मणका टोचत असेल आणि मांडीचा मांसल भाग आत गेला असेल, तर तो अशक्त आहे. अशा वेळी आधी विष्ठा तपासून घ्या, कारण जंत हे सगळ्यात नेहमीचं कारण. उलट फासळ्या हाताने चाचपूनही सापडत नसतील तर वजन जास्त झालं, आणि लांब बारीक पायांवर ते सांध्यांना महागात पडतं.

नराची खांद्यापाशी उंची साधारण ६८ ते ७४ सेंटिमीटर, मादीची ६४ ते ६९. वजन २० ते २८ किलोच्या आसपास.

खायला काय आणि किती द्यायचं? दूध-भाकरीवर भागतं का?

गावाकडे पिढ्यान् पिढ्या ज्वारीची भाकरी आणि दुधावर हे कुत्रे जगले हे खरं, पण त्याच्या जोडीला ते शिवारात स्वतःचं काहीतरी मिळवत होते. अंगणात किंवा फ्लॅटमध्ये बांधलेल्या कुत्र्याला नुसती दूध-भाकरी म्हणजे प्रथिनांची उपासमार. केस रखरखीत होतात, मागचे पाय बारीक राहतात.

२५ किलोच्या, रोज पळणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १२०० ते १२५० कॅलरी लागतात. घरच्या जेवणात ते असं बसतं: बिनहाडांचं चिकन ३०० ग्रॅम (कच्चं वजन), तांदूळ किंवा ज्वारीच्या कण्या १५० ग्रॅम (कोरडं वजन, शिजवून मऊ करून), भोपळा, गाजर किंवा दुधी १०० ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, १०० ग्रॅम दही आणि दोन छोटे चमचे तेल. मीठ चिमूटभर, मसाला अजिबात नाही. हे दोन वेळांत विभागून द्या.

या जेवणात एक मोठी उणीव राहते, ती कॅल्शियमची. मांस आणि धान्य दोन्हींत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. अंड्याची टरफलं धुवून, १० मिनिटं उकळून, वाळवून मिक्सरमध्ये पीठ होईपर्यंत दळा आणि मोठ्या कुत्र्याला दिवसाला पाऊण छोटा चमचा जेवणात मिसळा. जाडसर राहिलं तर पोटात टोचतं आणि नीट शोषलंही जात नाही. पिल्लांना मात्र हे मनाने देऊ नका. वाढत्या हाडांना कॅल्शियम कमी पडलं तरी पाय वाकतात आणि फार झालं तरी सांधे बिघडतात. त्यांच्यासाठी पिल्लांचं तयार कोरडं खाद्य सोयीचं, आणि ते देत असाल तर वरून कॅल्शियमची बाटली नको.

कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेली साखरमुक्त च्युइंगगम हे कुत्र्याला विषारी आहे. मटणाच्या रश्शात कांदा-लसूण असतंच, म्हणून रस्सा-भात बंद. शिजवलेली हाडंही देऊ नका. ती टोकदार फुटतात आणि आतड्याला भोक पाडतात.

दूध प्यायलं की जुलाब होतात, का?

मोठ्या कुत्र्यांच्या पोटात दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य कमी होत जातं. दही किंवा ताक द्या.

पिल्लू घेताना काय पाहावं?

वय आठ आठवड्यांपेक्षा कमी असेल तर घेऊ नका. श्वान पैदास आणि विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी असावी लागते. आठवडी बाजारात पोत्यातून आणलेली चार-पाच आठवड्यांची पिल्लं बऱ्याचदा पुढच्या आठवड्यात पार्वो या विषाणूच्या आजाराने दगावतात. याला लोक गॅस्ट्रो म्हणतात. रक्ताचे दुर्गंधी जुलाब, उलट्या आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास. म्हणून स्वस्त पिल्लू पुढे महाग पडतं.

आईला प्रत्यक्ष पाहा. ती लपत असेल किंवा थरथरत असेल तर पिल्लंही बुजरी निघण्याची शक्यता मोठी. पिल्लाचं पोट कडक फुगलेलं असेल तर जंत, नाकाला आणि डोळ्याला घट्ट चिकट स्राव असेल तर डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराची शंका. पुढचे पाय सरळ हवेत. वरचे आणि खालचे दात कात्रीसारखे जुळावेत. आई-बाप एकाच वेतातली भावंडं नाहीत ना, हे विचाराच: काही गावांत गोतावळा इतका लहान आहे की जवळच्या नात्यात जुळणी होते, आणि मग पिल्लं कमी, नाजूक आणि आजारी होतात. बागलकोट जिल्ह्यातच मुधोळजवळ तिम्मापूर इथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथे या जातीच्या जतनाचं काम चालतं.

एक गोष्ट ठामपणे सांगतो: ‘इम्पोर्टेड ब्लड’ म्हणून ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्लं कारवानीच्या नावाने आणि जास्त किमतीला विकली जातात. रुंद जड मांड्या आणि दुमडलेले लहान कान दिसले तर सावध व्हा. कारवानीचे कान लोंबते, डोक्याला चिकटून असतात, आणि अंग ग्रेहाउंडपेक्षा सडसडीत.

लसी आणि जंतांचं औषध कधी?

जंतांचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर १५ दिवसांनी, तीन महिन्यांचा होईपर्यंत. पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा आणि नंतर दर तीन महिन्यांनी. दर वेळी वजन करूनच डोस ठरवा.

पार्वो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्रित लस ६ ते ८ आठवड्यांनी सुरू होते आणि दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं वय होईपर्यंत द्यावी लागते. शेवटची मात्रा चुकवू नका: आईच्या दुधातून आलेलं संरक्षण आधीच्या मात्रांना बऱ्याचदा निष्प्रभ करतं, म्हणून ‘दोन लसी झाल्या तरी पार्वो झाला’ अशी तक्रार येते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर, मग दरवर्षी. कोकणात, मुंबईत किंवा उंदीर असलेल्या गोठ्याशेजारी राहत असाल तर पावसाळ्याआधी लेप्टोचं (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराचं) संरक्षण आहे ना, हे लसीच्या कार्डावर पाहून घ्या.

पट्ट्यातून डोकं काढून पळतो. काय करावं?

कारवानीचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं. नेहमीचा बकलचा पट्टा सैल ठेवला तर मागे सरकून तो क्षणात सुटतो आणि घट्ट ठेवला तर गळ्याची पातळ कातडी सोलली जाते. त्याला मार्टिंगेल पट्टा लागतो: दोन कड्यांमधून एक छोटा फास जातो, ओढ बसली की तो ठरावीक मापापर्यंतच आवळतो. रुंदी निदान ४ सेंटिमीटर, आतून मऊ अस्तर. माप असं घ्या: पट्टा कानांच्या लगेच मागे, मानेच्या सगळ्यात बारीक भागावर ठेवा आणि पूर्ण आवळा. तेव्हा दोन कड्यांमध्ये दोन बोटांचं अंतर उरायला हवं. कडी एकमेकांना टेकली तर पट्टा सैल आहे.

घरात एकट्याला सोडताना मार्टिंगेल काढून ठेवा, कारण फास कुठेतरी अडकू शकतो. लोखंडी साखळी या कुत्र्याला नकोच. झेप घेतल्यावर साखळीचा झटका थेट मानेच्या मणक्यांना बसतो. त्याच कारणाने आपोआप गुंडाळणारा दोरीचा पट्टाही धोक्याचा: ५ मीटर धावून वेग घेतलेला २५ किलोचा कुत्रा टोकाला पोहोचला की एक तर त्याची मान जाते, नाही तर तुमचा खांदा.

किती पळवायचं? मोकळं सोडलं तर चालेल?

रोज दोन वेळा अर्धा-अर्धा तास चालणं, आणि आठवड्यातून निदान तीन-चार दिवस बंदिस्त जागेत मनसोक्त पळणं. तो दहा-पंधरा मिनिटं जीव तोडून पळेल आणि मग दुपारभर झोपेल. या कुत्र्याची ताकद छोट्या, वेगवान धावेत आहे. त्याला दुचाकीमागे मैलोन् मैल पळवणं चूक आहे. पिल्लाला तर १२ ते १५ महिन्यांपर्यंत डांबरी रस्त्यावर पळवूच नका.

रस्त्यालगत किंवा उघड्या माळावर मोकळं सोडू नका, तो कितीही शिकलेला असला तरी. हा वासापेक्षा नजरेवर चालणारा शिकारी, म्हणजे साइटहाउंड आहे. दूर काही पळताना दिसलं की कान बंद होतात, आणि तुम्ही दुसरी हाक मारेपर्यंत तो रस्त्यापार असतो. अनेक कारवानी असेच वाहनाखाली जातात. कुंपण निदान सहा फुटी हवं, आणि त्याला टेकून पाण्याची टाकी किंवा विटांचा ढीग नको.

हाकेला येणं शिकवताना १० मीटरची हलकी दोरी आणि उकडलेल्या चिकनचे तुकडे घ्या. आला की खाऊ, पुन्हा मोकळा. दर वेळी हाक मारून घरीच नेलं तर तो आठवड्याभरात यायचा बंद होतो.

सशाच्या मागे सोडणं हा तर त्याचा स्वभावच ना?

स्वभाव आहे, पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ससा, हरीण, काळवीट, घोरपड यांची शिकार गुन्हा आहे, मग ती कुत्र्याकरवी केली तरी. गवताळ माळावर लांडगे आणि खोकडंही राहतात. तिथे कुत्रा मोकळा सोडणं त्यांच्या जिवावर बेततं. लांब काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला फडकं बांधून बंदिस्त मैदानात गोल फिरवा. पाठलागाची सगळी हौस त्यात भागते.

घरात मांजर किंवा कोंबड्या आहेत.

दोन महिन्यांच्या पिल्लापासून एकत्र वाढले तर घरातल्या मांजराशी जमतं. तेच मांजर अंगणात पळालं तर जमेलच याची खात्री नाही. कोंबड्यांसोबत मोठा कारवानी कधीच एकटा सोडू नये.

ऊन आणि थंडी कितपत सोसतो?

चरबी नसल्यासारखीच, केस आखूड, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो कुडकुडतो. जमिनीपासून उचललेली खाट किंवा जाड गादी आणि अंगात झूल द्या. नुसत्या फरशीवर झोपवलं तर कोपरांना घट्टे पडून पाणी भरतं.

उन्हाळ्यात सावलीत तो बरा राहतो, पण पळताना त्याच्या अंगात प्रचंड उष्णता तयार होते. एप्रिल-मेमध्ये पळणं सकाळी सातच्या आत. हाताचा पंजा डांबरावर सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पायही भाजतील. नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश, ४१ च्या वर गेलं, धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, चाल लटपटली तर नळाच्या साध्या पाण्याने पोट, काखा, जांघा सतत भिजवा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टर गाठा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते.

गोचीड काही केल्या जात नाहीत.

कारण अंगावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त गोचीड भिंतीच्या फटी, खाटेचे सांधे आणि गोठ्यात असतात. कुत्र्याला डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेली गोळी किंवा मानेवरचं औषध, आणि त्याच आठवड्यात फटी बुजवणं, गादीचं कापड उकळत्या पाण्यात धुणं, हे एकदम झालं पाहिजे. गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, चटका, पिळणं नको. जनावरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने टोचणं थांबवा: ते गाई-म्हशींच्या वजनासाठी केलेलं असतं आणि थेंबभर जास्त झालं तरी कुत्रा बेशुद्ध पडू शकतो. हिरड्या पांढरट होणं, ताप, खाणं सोडणं, लघवी गडद होणं ही गोचीड तापाची खूण. रक्त त्याच दिवशी तपासा.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना काय सांगावं?

हा भाग कृपया लक्षात ठेवा. अंगात चरबी फार कमी असलेल्या पळणाऱ्या जातींना थायोपेंटॉनसारखी भूल उतरायला खूप वेळ लागतो. ग्रेहाउंडमध्ये हे नीट अभ्यासलं गेलं आहे, आणि कारवानीची शरीररचना त्याच घडणीची आहे. डॉक्टरांना ‘हा साइटहाउंड आहे, थायोपेंटॉन टाळाल का?’ असं आधीच स्पष्ट विचारा. भुलेनंतर अंग पटकन गार पडतं, म्हणून पांघरूण सोबत न्या. रक्ताच्या अहवालात तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त आणि थायरॉइडचा आकडा कमी येणं ग्रेहाउंडमध्ये नैसर्गिक असतं. तसा अहवाल पाहून थायरॉइडच्या गोळ्या लगेच सुरू करू नका, आधी लक्षणं जुळतात का ते पाहा.

तारेला घासून कातडी फाटली. घरी काय करावं?

या जातीची कातडी पातळ, त्यामुळे छोटी ओरखड वाटणारी जखम आत खिशासारखी उघडलेली असते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड सपाट छोटा चमचा मीठ घालून जखम धुवा, स्वच्छ कापड दाबून बांधा आणि सहा तासांच्या आत टाके घालून घ्या. हळद किंवा चुना भरला तर कडा वाळतात आणि टाके धरत नाहीत. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका.

जेवणानंतर पोट फुगलं, ओकारीचे उमाळे येतात पण काही बाहेर पडत नाही.

खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये जठर फुगून पिळा पडतो. सोडा, ओवा, मालिश यात वेळ घालवू नका. हे काही तासांत जीव घेतं. मध्यरात्र असली तरी शस्त्रक्रिया करू शकणारा दवाखाना गाठा. दोन वेळा थोडं थोडं जेवण आणि जेवणानंतर निदान तासभर विश्रांती, हे टाळण्याचे सोपे मार्ग.

सोसायटी कुत्रा पाळू देत नाही.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटी सदस्याला कुत्रा पाळायला बंदी करू शकत नाही, त्यासाठी वेगळं शुल्क घेऊ शकत नाही आणि लिफ्ट नाकारू शकत नाही. तुमच्या बाजूने महापालिकेचा परवाना, रेबीजचं कार्ड, जिन्यात आणि लिफ्टमध्ये आखूड पट्टा आणि विष्ठा उचलायची पिशवी, एवढं चोख ठेवा.

पश्मीची झालर कशी जपावी?

आठवड्यातून दोनदा रुंद दातांचा कंगवा, पावसाळ्यात पायांच्या बोटांमधले केस कात्रीने आखूड. कानाच्या झालरीत खरकटं अडकून जटा होतात, म्हणून जेवताना कानावर मऊ मोजा चढवा किंवा उंच, अरुंद तोंडाचं भांडं वापरा. वीस-पंचवीस दिवसांतून एकदा आंघोळ पुरे.

म्हाताऱ्या कारवानीसाठी काय बदलावं?

चांगल्या सांभाळात हे कुत्रे १० ते १४ वर्षं जगतात. आठव्या वर्षापासून सहा महिन्यांनी एकदा रक्त, लघवी आणि दात तपासा. लांब तोंडात दातांवर कीटण लवकर साचतं. मऊ ब्रश आणि कुत्र्यांचीच पेस्ट वापरा, माणसांची नको. गुळगुळीत फरशीवर रबरी चटया घाला, गादी आणखी जाड करा. पळणं आपणहून कमी होतं, पण रोजची फेरी बंद करू नका. दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या करा. आणि ज्याच्या अंगाला टेकून तो इतकी वर्षं उभा राहिला, त्या माणसाच्याच खोलीत त्याची गादी ठेवा.